उकळत्या गुळाच्या पाण्यातले जिवाणू

आप्पा, आज प्रयोगशाळेत काचेची एक बशी उजेडासमोर धरली आणि वाटलं, तुम्ही हवे होतात. बशीत दुधासारखा पांढरा थर, त्यात न विरघळणारं फॉस्फेट मिसळलेलं. मधोमध जिवाणूंचा ठिपका, आणि त्याच्याभोवतीचा पांढरेपणा निवळून आरपार दिसतंय. जिवाणू आम्ल सोडतात, फॉस्फेट विरघळतं, एवढीच गोष्ट. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलं होतंत.

"म्हंजी मी इतकी वर्सं टाकल्यालं खत रानातच हाय, आन् पिकाला गावत न्हाई, व्हय?"

मी व्हय म्हटलं. आपलं रान चुनखडीचं, फॉस्फेट त्या चुन्याला धरून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही. तुम्ही हसलात. पोरगी बापाला खत शिकवतेय, हे दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलंत. आणि मग जिवाणू ते फॉस्फेट सोडवतील या माझ्या शब्दावर हरभऱ्याच्या अर्ध्या एकराला डीएपी हे फॉस्फेटचं खत टाकायचं नाही असं ठरवून मोकळे झालात.

पेरणीच्या सकाळी मी चुलीवर गुळाचं पाणी उकळलं. ते पूर्ण गार करायचं, त्यात जिवाणूंचं पाकीट कालवायचं आणि बियाण्याला चोळायचं. पण मला तळेगावातून कॉलेजची बस गाठायची होती. पाण्याची वाफ निघत असतानाच मी पाकीट ओतलं, पातेलं झाकून तुमच्या हवाली केलं आणि पळाले. बस शिक्रापूरला पोचते तोवर डोक्यात उजेड पडला. मी जिवाणू शिजवले होते, आणि तुम्ही एव्हाना पेरायला घेतलं असणार.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हरभरा तरीही झकास आला. तुम्ही गावभर पोरीच्या जंतूंचं कौतुक करत फिरलात. रांजणगावच्या कंपनीत ड्यूटीला निघालेल्या मामांची गाडी अडवून त्यांना घाटे दाखवलेत. आज कळतं, रानातलं आधीचं थोडंफार खत पिकाला मिळत होतं, आणि मातीतले स्वतःचे जिवाणूही कामाला होते. श्रेय मात्र मी फुकटात खाल्लं, आणि त्याच हुरुपावर पुढं शिकले.

पुढच्या पेरणीला मी चुलीशी गेले, तर तुम्ही पातेलं आधीच उतरवून ठेवलंय आणि बोट बुडवून बघताय.

"तू च्या पी निवांत. गार झालं की हाक मारतो," एवढंच म्हणालात, तेही माझ्याकडे न बघता.

तुम्हाला कळलं होतं का? हे मी कधी विचारलं नाही. आईला आजही विचारता येईल, तिच्यापासून तुम्ही काही लपवत नव्हतात. पण ठाऊक असूनही तुम्ही मला सांभाळून घेतलंत, असं मी इतकी वर्षं धरून चाललेय. ती नाही म्हणाली तर मला सोसणार नाही. म्हणून हे पत्र तिच्या हाती लागू नये, असं इथंच प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवतेय.