काखेतली शिवण

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आधी हे सांगते, की मी धडधाकट आहे. गुडघा जरासा सुजलाय, पण जिना पाठमोरी उतरले की काही होत नाही.

तर शर्यत पूर्ण झाली! आधी चार किलोमीटर पोहणं, मग तासन्‌तास सायकल, मग बेचाळीस किलोमीटर धावणं. ठरलेली वेळ संपायला अकरा मिनिटं उरली असताना पोचले.

गंमत झाली ती पाण्यातून बाहेर आल्यावर. पोहायला, सायकलला नि धावायला अंगात एकच घट्ट सूट असतो, त्याची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवलेली! पण मी शिंप्याची लेक, सायकलच्या पिशवीत सुई-दोरा होताच. फक्त गार पाण्याने बोटं इतकी बधिर झालेली, की दोरा सुईत जाईना. बाकीचे सायकली घेऊन निघालेसुद्धा, आणि मी आपली दोऱ्याचं टोक ओलं करत उभी. शेवटी सायकली राखणाऱ्या आजींनी सुई ओवून दिली. मग अंगावरच टाके घातले. रागावू नका, ते शेवटपर्यंत टिकले.

तिथे उभी असताना तुमची हाक आठवली, "अगं, एवढी सुई ओवून दे." मी "आले, आले" म्हणायचे आणि जागची हलायचे नाही.

बाबा, आता कोण ओवून देतं? आईचा चष्मा तर तुमच्याहून जाड.

सोबत कापडाच्या तुकड्यात टोचून पंचवीस सुया पाठवतेय, सगळ्या ओवलेल्या. जपून वापरा. त्या संपायच्या आत मी येते.

तुमची,
"आले, आले" म्हणणारी धाकटी