दुखत नाही म्हणून

मिरकरवाडा, रत्नागिरी
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

चि. सुजय,

दादाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक, आईचे गुडघे सोडून. तू तिकडे नीट जेवतोस, असं धरून चालतो.

सोड्यांच्या पिशवीत, सुक्या कोळंबीत खुपसलेलं पाकीट बघून हसला असशील. देवरूखच्या गाडीवरच्या विनोद ड्रायव्हरलाही हसूच आलं. "फोन बिघडला काय तुमचा?" म्हणाला. पत्राला सोड्यांचा वास येत असेल तर नाक दाबून वाच, पण शेवटपर्यंत वाच. आणि खोलीतले तुझे दोन मित्र नसताना वाच.

पहिली बातमी! तू काका होणार आहेस! योगिनीला चौथा महिना लागला. तीन महिने पुरे झाल्याशिवाय बोलायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती, त्यामुळे दिवाळीत तू आलास तेव्हा मला सांगायची नुसती घाई झाली होती. दोनदा तर तोंड उघडलं आणि करंजी कोंबली. काल सोनोग्राफीत बाळाच्या छातीचे ठोके ऐकले. अरे, आपल्या बोटीचं इंजिन इतक्या जोरात पळत नाही! मी तिथेच रडलो. डॉक्टरीणबाईंनी मलाच पाणी दिलं आणि योगिनी पडल्या पडल्या हसत होती.

आईने लगेच पाळणा पुसायला काढला. शिवाकाका, आपल्या बोटीचे तांडेल, एरवी जाळ्यात सुरमई भरली तरी ज्यांच्या मिशीखाली हसू दिसत नाही, त्यांनी धक्क्यावर लिलाव थांबवून पेढे वाटले. मासे घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांनाही एकेक पेढा! कालपासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

आता तू म्हणशील, लोकांना पोरं होतातच, यात एवढं काय? एवढंच आहे की मला होईल की नाही हे दोन वर्षं मला ठाऊक नव्हतं.

मी दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन करून घेतलं ना, ते अंतर्गळाचं नव्हतं. माझा उजवा वृषण काढला. त्यात कॅन्सरची गाठ होती. लिहिलं बाबा एकदाचं. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. वेळेत सापडली, केमोसुद्धा लागली नाही. ठरलेल्या तारखांना रक्त तपासतात, स्कॅन काढतात. गेल्या महिन्याचा रिपोर्टही स्वच्छ आहे. आणि एकाच वृषणावर बाप झालोय, तेव्हा माझी कीव करायची नाही!

तुला का नाही सांगितलं? लाज वाटली, दुसरं काय. धक्क्यावर बातमी बर्फ वितळायच्या आत पसरते. निहार अर्धा झाला, असं कुणीतरी म्हणेल आणि पोरं हसतील, याचीच भीती कॅन्सरपेक्षा मोठी वाटत होती. आहे की नाही गाढवपणा? पण त्याच्याही आधी मी याहून मोठा गाढवपणा केला, तो ऐक.

जाळं बोटीवर चढवण्याआधी ते बोटांखालून सरकवून बघायचं, ही आपल्याकडची रीत. डोळ्यांना न दिसणारी सुटलेली गाठ बोटांना लागते. असली बोटं असलेल्या माणसाला अंघोळ करताना स्वतःच्या अंगातली वाटाण्याएवढी गाठ लागली नसेल होय? लागली की! पण चार दिवस आधी दोराचा फटका तिथेच बसला होता, म्हणून म्हटलं सूज असेल. शिवाकाकांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "दुखता काय? नाय ना? मग काय व्हत नाय. जाळी ओढणाऱ्याला अंतर्गळ व्हतोच. लंगोट घट बांध." त्यांचा तरी काय दोष? बोटीवर दुखतं त्यालाच औषध. मी चार महिने लंगोट आवळून हिंडलो.

शेवटी योगिनीने पकडलं. औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहते ती, तिला फसवणं सोपं नाही. "दुखत नाय म्हणून गप बसलाव होय? तेच तर दाखवायचा असतां. चला आधी," म्हणाली आणि हाताला धरून इथल्या सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी दोन मिनिटं तपासलं, त्याच दिवशी सोनोग्राफी, रक्त, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्हापुरात. फटक्याने गाठ झाली नव्हती, फटक्यामुळे माझा हात तिथे गेला एवढंच, असं ते म्हणाले.

आता मुद्द्यावर येतो. पेन तीनदा खाली ठेवलं.

रविवारी फोनवर तू सहज म्हणालास, "ट्रेकला गेल्यापासून खाली डावीकडे जरा जड जड वाटतंय, दुखत नाही म्हणा." आणि लगेच मॅचचं बोलायला लागलास. आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर. शेजारी आई लसूण सोलत होती. तिच्यासमोर विचारता येईना, हातातला चहा तसाच गार झाला. मेसेज करावा तर तुझा फोन मित्रच जास्त बघतात. म्हणून हे पत्र.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्या जांघेत लहानपणाची टाक्यांची खूण आहे ना? तेही अंतर्गळ नव्हतं. तुझा डावा वृषण जन्मापासून खाली उतरलाच नव्हता, सहाव्या वर्षी ऑपरेशन करून उतरवला. मला कोल्हापूरच्या डॉक्टरांनी घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा आईने हे सांगितलं. पुढे लग्नाच्या वेळी लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून तिने लपवलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं झालेल्याला आणि ज्याच्या सख्ख्या भावाला ही गाठ झाली त्याला धोका जास्त. तू दोन्हींत बसतोस. दोन वर्षांपूर्वीच तुला हे सांगायला हवं होतं. चुकलो, सुजय.

तर गरम पाण्याने अंघोळ कर आणि लगेच तपास. अंगठा आणि बोटांमध्ये एकेक वृषण हलकेच फिरवायचा. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं, ते सगळ्यांनाच असतं. एक जरा खाली लोंबतो, तेही चालतं. कडक गाठ लागली, आकार बदललेला वाटला, किंवा नुसतंच जड वाटत राहिलं, तर डॉक्टर. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नाही. आणि कधी अचानक असह्य कळ आली, तर तासाभराचाही उशीर न करता दवाखाना. पुढेही महिन्यातून एकदा बघत जा. मी बघतो.

तुला काही नाही लागलं तरी जडपणा आहेच. गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ मी त्याच सर्जनकडे घेऊन ठेवलीय, तुझ्या नावाने. तू नाही आलास तर मी देवरूखला येऊन तू नोकरी करतोस त्या कॉलेजच्या ऑफिसातून तुला सगळ्यांसमोर उचलून आणीन. लाजायचं असेल तर तेव्हा लाज!

तुझाच,
निहारदादा

•

देवरूख
बुधवार, सकाळ

ती. दादा,

आधी तुझं आणि वहिनींचं अभिनंदन! खोलीत एकट्यानेच उड्या मारल्या. खालच्या घरमालकांनी छतावर काठी आपटली.

तुझं ऑपरेशन वाचून खूप राग आला. मी आलो असतो ना रे कोल्हापूरला. तुझ्या उशाशी बसलो असतो. आईवर मात्र रागावता येत नाही, आणि तूही तिला काही बोलू नकोस.

तू लिहिलंस तसं केलं. गरम पाणी, दार बंद, नळ सोडून ठेवला. उजवीकडे काही नाही. डावीकडे आहे, दादा. कडक. तीन वेळा बघितलं.

हे फोनवर बोलता आलं नाही. दोनदा तुझा नंबर लावून कट केला. विनोदची गाडी आत्ता सुटतेय, त्याच्या हातात चिठ्ठी देतोय. मी रजा टाकून मागून दीडच्या गाडीने निघतो. गुरुवारपर्यंत थांबत नाही, आजच दाखवू.

स्टँडवर एकटाच ये. मला बघून काही विचारू नकोस, नुसता हात धर आणि चालायला लाग.

तुझा
सुजय