गायिकेचा रकाना

५ डिसेंबर २००५
एकलहऱ्याला सासरी येऊन आठवडा झाला. सटाण्याला आमचा गोठा मोठा आणि घर लहान. इथे गोठाच नाही. माणसं तीनच: मी, दीपक आणि सासरे, म्हणजे नाना. दीपक वीज केंद्रात कामाला आहे. लग्नात त्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'शुभांगी' लिहिलं आणि मी सायलीची शुभांगी झाले. अजून कुणी शुभांगी म्हटलं की मी मागे वळून बघते, कोण आलं म्हणून. दीपक हसतो.

८ डिसेंबर
मला काम मिळालं! सासूबाई, साळूबाई, पाच वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या ओव्या नानांनी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. दीपकने त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. एकतीस फाइली, एकीलाही धड नाव नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकीला टॅग लावायचे: गाणं, गायिका, वर्ष. गायिकेच्या रकान्यात साळूबाई लिहिलं. आवाज इतका गोड की ऐकता ऐकता भाकरी करपली.

९ डिसेंबर
गायिकेचे एकतीसही रकाने कोरे. सेव्ह करायला विसरले असेन. वेंधळी मेली. पुन्हा लिहिलं.

१० डिसेंबर
पुन्हा कोरे. आज नीट ऐकलं. प्रत्येक ओवीच्या शेवटी स्वतःचं नाव यायच्या जागी त्या थांबतात, श्वास घेतात आणि पुढे जातात. नानांना त्यांचं माहेरचं नाव विचारलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. म्हणाले, कळवणहून आली तेव्हा काहीतरी होतं, साळूबाई आम्ही ठेवलं. मग हळूच म्हणाले, "एकदा जुन्या नावानं हाक मारा म्हणली होती. मी हसलो."
मला फार वाईट वाटलं.

१२ डिसेंबर
ती कोरी जागा बघवेना. माझं जुनं नाव नाहीतरी पडूनच आहे, इथे त्या नावाने मला कोण हाक मारतंय? तेच त्यांना देऊन टाकलं. गायिका: सायली.

१३ डिसेंबर
टिकलं. एकतीसही ठिकाणी.
दुपारी ओव्या लावल्या. सासूबाई आता थांबत नाहीत. त्या जागी 'सायली' म्हणतात, आणि आवाजात हसू आहे.

१५ डिसेंबर
नानांनी ऐकलं आणि रडले. "आठवलं गं. सायलीच होती ती." त्या काळी कळवणला सायली नाव कोण ठेवणार? दीपकला म्हटलं, अहो, ते माझं नाव आहे. तो म्हणाला, तुझं नाव शुभांगी. चेष्टा करत नव्हता.

१७ डिसेंबर
नाव काढून टाकायला बसले. डिलीटवर बोट ठेवलं आणि — स्पीकरमधून त्या रडायला लागल्या. लहान मुलीसारख्या. बोट मागे घेतलं. मला नाही जमायचं. ते मी देऊन —

१८ डिसेंबर
ट्रंकेत दहावीचं सर्टिफिकेट सापडलं. कुणा सायलीचं. माझ्या ट्रंकेत कसं —

२० डिसेंबर
दुपारी फोन. सटाण्याहून कुणी बाई. अहिराणीत म्हणाली, "सायली शे का घरमा? मी तिनी माय बोलस."
मी सांगितलं, सायलीबाईंना जाऊन पाच वर्षं झाली.
ती नुसती रडत राहिली. मला फोन ठेववेना. मलाही रडू — हा आवाज मी कुठेतरी — लहानपणी, कुणीतरी मला याच आवाजात