जोरात की हळू

चिरंजीव ठमीस, तुझ्या दादाचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. तू उगाच जीव खालीवर करू नकोस, ते काम मी इथे करतोच आहे.

परवा इथल्या शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी माझं पियानोचं जुनं पुस्तक पाहिलं. त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रील्यूड नावाच्या छोट्या रचनेवर जिथेजिथे ‘हळू’, ‘जोरात’ छापलंय ना, तिथे बोट ठेवून हसल्या. "काका, हे रचणाऱ्याने लिहिलेलंच नाही. छापणाऱ्यांनी मागाहून घुसडलंय." आणि दुसरी प्रत हातात दिली, नुसत्या स्वरांची. "आता तुम्हीच ठरवा."

ठमे, माझं धाबंच दणाणलं. पुस्तकाला गुरू मानून जन्मभर वाजवलं, स्वतः कधी काही ठरवलंच नाही. शेवटाकडे डावा हात एकाच खर्जाच्या सुरावर अडून राहतो, तिथे मी दणक्यात वाजवायचो. काल बाईंसमोर हळू वाजवलं, तर मला एकट्याला घरात ठेवून सगळे निघून गेल्यासारखं वाटलं.

बाई म्हणाल्या, "छान! कशाची भीती वाटली?"

"तुमची," म्हटलं. हसण्यावारी नेलं.

शनिवारी लोकांसमोर वाजवायचंय. या माणसाच्या वाजवण्यात त्याचं स्वतःचं काहीच नाही, हे सगळ्यांना ऐकू आलं तर? आईला सांगू नकोस. तिचा खोकला कसा आहे?

तू इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकत आलीस. कुठली जागा आली की तुझा हात थांबायचा, तेवढं कळव. उत्तर येईस्तोवर शनिवार उलटून गेलेला असेल, हे कळतंय मला. तरी लिही.

तुझाच,
दादा