बारा ग्रॅम वजनाच्या उत्तराधिकाऱ्याबाबत

दिनांक : १४ मे

प्रति,
मा. गुलसून इसायेव्ना,
प्रमुख, जिल्हा शिक्षण विभाग,
आक-तोरगोय.

अर्जदार : तुगोलबाय साद्यकोव, विमान-प्रतिकृती मंडळाचा प्रमुख (आपल्या आदेशानुसार माजी), बालभवन, आक-तोरगोय.

विषय : रिसीव्हर मागितला असता माणूस मिळाल्याबाबत, व मला पदावर परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ३ एप्रिल.
२) आपला आदेश क्र. ४७, दि. २२ एप्रिल.
३) श्री. काल्मुरात बेइशेनोव, समक्ष.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की, मी गेली एकतीस वर्षे बालभवनात मुलांना रेडिओवर चालणारी छोटी विमाने बनवायला व उडवायला शिकवीत आहे. एवढ्या काळात मी विभागाकडे सरेस, हलके लाकूड आणि एकदा शिडी, एवढेच मागितले. शिडी आली नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंदा मात्र जे मागितले ते आले नाही आणि जे आले ते मागितले नव्हते, म्हणून हा अर्ज.

१. यंदाच्या नूरुझच्या, म्हणजे २१ मार्चच्या वर्षारंभाच्या दिवशी आमचे ‘बुर्कुत’ हे विमान मैदानावर उडत असताना त्याच्या जुन्या रिसीव्हरने माझे ऐकणे बंद केले. रिसीव्हर म्हणजे विमानाचा कान. माझ्या हातातल्या पेटीने ‘डावीकडे वळ’ म्हटले की त्याने ते ऐकून पंखांना सांगायचे. कान बहिरा झाला की विमान मनाला येईल ते करते, आणि त्या दिवशी त्याच्या मनात सुमालक आले. वस्तीतल्या बायका आदल्या दिवसापासून ती खीर ढवळत होत्या. तिच्या कढईत विमान नाकावर उतरले. सुमालकच्या तळाशी खडे घालतात आणि ज्याच्या वाडग्यात खडा येईल त्याने मनात इच्छा धरायची, ही रीत आपणांस ठाऊक आहेच. यंदा जिल्ह्याचे प्रमुख आकिमसाहेब यांच्या वाडग्यात पंख्याचा स्क्रू आला. त्यांनी कोणती इच्छा धरली ते मला माहीत नाही, पण माझ्याकडे बघून धरली.

२. सबब, विश्वासार्ह रिसीव्हर कसा निवडावा याचा मी दहा-बारा दिवस अभ्यास केला. राजधानीच्या बाजारातून तीन नमुने मागवले. विमान हातात धरून मैदानभर पावले मोजत हिंडलो. पहिला नमुना ऐंशी पावलांवर गप्प झाला. दुसऱ्याने शेजारच्या रिमोटवर उघडणाऱ्या फाटकाचा आदेश ऐकला. तिसरा खोक्यावर एक आणि आत भलताच निघाला. त्यानंतर ३ एप्रिलच्या अर्जात मी रीतसर अटी लिहून एक रिसीव्हर मागितला.

३. आपण जाणताच की आपल्या कार्यालयात अर्ज रशियनमध्ये टंकित होतात. त्या भाषेत रिसीव्हरला ‘प्रियेमनिक’ लिहितात आणि पदाच्या उत्तराधिकाऱ्याला ‘प्रेयेमनिक’. बोलताना फरक कळतो, पण लिहिताना तो एकाच अक्षराचा. आपल्या टंकलेखिका तोक्तोकान एजे यांनी माझा ‘प्रि’ खोडून ‘प्रे’ केला. मी विचारायला गेलो तेव्हा त्या जराही ओशाळल्या नाहीत. “आगाय, सव्वीस वर्षं मी शुद्धलेखन शिकवलं,” त्या म्हणाल्या. “चुकीचं अक्षर दिसलं की हात थांबत नाही. आणि तुम्ही लिहिलं होतं ‘विश्वासार्ह’. विश्वासार्ह वस्तू या जिल्ह्यात कुणी पाहिलीय? मला वाटलं, माणूसच असणार.”

४. यानंतर आपल्या निवड समितीने माझ्या अटी उमेदवाराला लावून पाहिल्या. इतिवृत्ताची प्रत मला मिळाली असून त्यातील काही भाग आपल्या निदर्शनास आणतो. ‘वजन बारा ग्रॅमपेक्षा अधिक नसावे’ : ही लेखनातील चूक असून अर्जदारास एकशे बारा किलो अभिप्रेत असावेत, असे ठरले. ‘एक किलोमीटरवरूनही ऐकू यावे’ : उमेदवाराची पत्नी ओढ्यापलीकडून हाक मारते व तो येतो, असा शेजाऱ्यांचा दाखला जोडला. ‘एकाच पेटीशी बांधलेला असावा, दुसऱ्याच्या हाकेने विचलित होऊ नये’ : विवाहनोंदणीचा उतारा जोडला. ‘दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात असाव्यात’ : यावर अर्धा तास चर्चा होऊन उमेदवाराचे कान पाहण्यात आले व ते समाधानकारक आढळले. ‘वापरलेला चालणार नाही’ : चौदा वर्षे पशुसंवर्धन खात्यात मेंढ्या धुण्याच्या हौदावर असूनही उमेदवार फारसा वापरला गेलेला नाही. ‘संपर्क तुटताच इंजिन बंद करून सावकाश खाली बसावे’ : वरून सूचना न आल्यास उमेदवार आपोआप काम थांबवून खाली बसतो, हे सेवाकाळात वारंवार सिद्ध झाले आहे.

शासकीय सेवेत याहून विश्वासार्ह माणूस मलाही सापडला नसता, हे मी प्रांजळपणे मान्य करतो.

५. अशा रीतीने आदेश क्र. ४७ अन्वये मी निवृत्त झालो आणि श्री. काल्मुरात बेइशेनोव रुजू झाले. ते पहिल्या दिवशी वेळेच्या आधी आले. सोबत बायकोने तळलेले पिठाचे बोरसोक आणि सायीचे भांडे होते. त्यांनी टोपी काढली आणि थोरल्या भावाला हाक मारावी तसे ते मला म्हणाले, “बाइके, ऑफिसात सांगितलं की तुम्ही स्वतः मला मागितलंत. कुणी मला मागून घेतलंय असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.” महोदया, मी आगपेटीएवढी डबी मागितली होती, हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी बोरसोक खाल्ले. ते उत्तम होते.

६. तेव्हापासून मंडळाच्या किल्ल्या त्यांच्याकडे आहेत. मी पाहुणा म्हणून जातो. ते मला पाहून उठून उभे राहतात, चहा देतात, परंतु कपाट उघडत नाहीत, कारण तशी सूचना नाही. मी एकतीस वर्षे रिसीव्हरबद्दल जे सांगत आलो आणि घरीदारी कुणी ऐकले नाही, ते सगळे त्यांनी खुर्ची पुढे ओढून ऐकले. वहीत उतरवलेही. एकदा मी त्यांच्या हातात पेटी दिली, तर त्यांनी ती कोकरू धरावे तशी धरली. माझी पत्नी झीपार हिचे मत मी नोंदवू नये, पण नोंदवतो. ती म्हणाली, “एकतीस वर्षं रडत होतात, माझं कुणी ऐकत नाही म्हणून. आता सरकारनं ऐकणारा माणूस पाठवलाय, तर सरकारवरच अर्ज?”

७. तिला कसे सांगू की प्रश्न ऐकण्याचा नाही, सहीचा आहे. प्रांतीय स्पर्धा ८ जूनला आहे आणि नावनोंदणी २० मेपर्यंत. अर्जावर मंडळप्रमुखाचीच सही लागते. माझी चालत नाही आणि श्री. बेइशेनोव सूचनेची वाट पाहत बसले आहेत. चौदा मुलांनी नूरुझपासून कागद आणि काड्या जोडून विमान पुन्हा उभे केले आहे. त्याला कान नाही आणि मुलांना प्रमुख नाही. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते, आणि हे वाक्य कार्यालयीन नसल्यास क्षमस्व.

तरी नम्र विनंती की :

(अ) आदेश क्र. ४७ रद्द करून २० मेपूर्वी मला पदावर परत घ्यावे.

(आ) एक रिसीव्हर द्यावा. खुलासा : ही वस्तू आहे. ती जेवत नाही, तिला रजा लागत नाही, आणि तिचे लग्न झालेले नसते.

(इ) श्री. बेइशेनोव यांना परत बोलावताना चूक झाली होती असे कळवू नये. मेंढ्यांचे त्यांच्यावाचून अडले आहे, असे लिहावे. म्हणूनच हा अर्ज त्यांच्यामार्फत न पाठवता थेट आपल्याकडे देत आहे.

आपला नम्र, आणि सही करण्याजोगा धडधाकट,
तुगोलबाय साद्यकोव

सोबत : १) जुना रिसीव्हर (सुमालकसह). २) समितीच्या इतिवृत्ताची प्रत. ३) स्पर्धेचा कोरा नावनोंदणी अर्ज.

आवक कक्षाचा शेरा, १५ मे : अर्ज योग्य मार्गाने आलेला नाही. विद्यमान मंडळप्रमुखांच्या अभिप्रायासाठी रवाना.

विद्यमान मंडळप्रमुखांचा अभिप्राय, १६ मे : अर्ज दोनदा वाचला. अर्जदार म्हणतात ते बरोबर आहे. मला हौदावर परत पाठवावे. बारा ग्रॅमची वस्तू लवकर द्यावी, आणि ती अस्सल आहे ना ते खोके उघडून बघावे. स्पर्धेच्या अर्जावर मी आज सही करून तो टपालात टाकला आहे. तसे मला कुणी सांगितले नव्हते. शनिवारी मुलांसोबत मैदानावर येण्याची परवानगी असावी, कारण बाइकेंच्या पेटीवर मला डावीकडचे वळण जमू लागले आहे, उजवीकडचे राहिले आहे. मी हे सर्व वाचले, असे मात्र बाइकेंना कळवू नये. त्यांना वाईट वाटेल.

काल्मुरात बेइशेनोव