पाहुण्याचा झगा

वॉटफर्ड
रविवार, २५ जून २००६

प्रिय सिंधुअक्का,

साष्टांग नमस्कार. आम्ही तिघं मजेत आहोत. दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे कडक ऊन पडलंय, त्यामुळे शेजारीपाजारी निम्मे उघडे होऊन हिरवळीवर पसरलेत. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू दोन मिनिटांत "ठेव आता" म्हणतेस, आणि मला आज सविस्तर बोलायचंय.

काल सेंट अल्बन्सला गेलो होतो. इथून एक छोटीशी गाडी जाते, पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. तिथे दर जूनमध्ये अल्बन नावाच्या संताची मिरवणूक निघते आणि कस्तुरी त्यात रोमन शिपाई झाली होती. यतीनने पुठ्ठ्याचं चिलखत करून दिलं होतं, ते चर्चच्या दारातच फाटलं.

तू मला चोंबडी म्हणायचीस ते काही खोटं नाही. बाकीच्या आया फोटो काढत होत्या आणि मी माहिती सांगणाऱ्या एका आजीबाईंच्या मागे लागले. मला आजवर वाटायचं, ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्यांचाच. आपल्या मिरजेत मिशनचा दवाखाना बघत वाढलो ना! पण अक्का, हा धर्म इथेही पाहुणाच! तिकडे पॅलेस्टाईनमध्ये जन्मला आणि रोमन लोकांच्या रस्त्यांनी, बहुधा व्यापाऱ्यांबरोबर, शिपायांबरोबर इथवर आला. पहिल्यांदा कोण घेऊन आलं, हे कुणालाच ठाऊक नाही. चर्च नव्हतं, राजाचा पाठिंबा नव्हता, उलट पकडलं तर जिवावर बेतायचं. मग पसरला कसा? मी विचारलंच. आजीबाई म्हणाल्या, "घराघरांतून. एकाने दुसऱ्याला जेवायला बोलावलं, असं समज."

हा अल्बन तिथलाच, रोमन देवांना मानणारा. त्याच्या दारात एक ख्रिस्ती धर्मगुरू आला, जीव वाचवत पळणारा. अल्बनने त्याला घरात घेतलं आणि बघत बसला, हा दिवसभर डोळे मिटून पुटपुटतो तरी काय? म्हणजे माणूस माझ्यासारखाच चोंबडा. विचारता विचारता त्याचं मनही तिकडे वळलं. शेवटी शिपाई दारात आले, तेव्हा त्याने पाहुण्याचा झगा आपल्या अंगात चढवला आणि पुढे झाला. त्याला टेकडीवर नेऊन मारलं. तिथेच आता एवढं मोठं चर्च आहे. लोक त्याच्या समाधीवर लाल गुलाब वाहतात.

कस्तुरीने मला विचारलं, "आई, मग तो प्रीस्ट कुठे गेली?"

"गेला," मी म्हटलं. पण तो गेला कुठे हे मलाही माहीत नव्हतं. परत आजीबाईंकडे. त्या हसल्या. "हे सहसा कुणी विचारत नाही. जुन्या लिखाणात त्याचं नावसुद्धा नाही. झगा दिला आणि तो गोष्टीतून निघून गेला. पुढे शेकडो वर्षांनी लोकांनी त्याला नाव दिलं आणि शेवटही दिला, की तोही पकडला गेला आणि मारला गेला. तो सुखाने जगला असेल, हे लोकांना बहुतेक सहन झालं नाही."

येताना गाडीत माझ्या डोक्यात तोच. अल्बनचे कपडे घालून तो चालत निघाला असेल. कुठेतरी पोचला असेल, जेवला असेल. त्याने घर केलं असेल, मुलं झाली असतील. रविवारी अंगणात बसत असेल, मी आत्ता बसलेय तसा.

अक्का, त्या मरून स्वेटरबद्दल आपण एकवीस वर्षांत अक्षरही बोललो नाही.

आईने दोघींत एकच विणला होता. एक दिवस तुझा, एक दिवस माझा. अण्णांना त्याच्या खिशात सतीशची चिठ्ठी मिळाली. वर नुसतं 'प्रिय', खाली नुसतं 'तुझाच'. अण्णांनी विचारलं, "आज स्वेटर कुणी घातला होता?" घातला होता मी. माझं तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी." आणि मी आत जाऊन बारावीचं पुस्तक उघडून बसले. घाबरले होते, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं सांगू? मला हायसं वाटलं होतं. त्याची मला लाज वाटते.

वैशाखात त्यांनी तुझं लग्न उरकलं. बीएस्सीचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. दाजी देवमाणूस निघाले, पण त्यात माझं काही पुण्य नाही. मी फार्मसी केली, इथे आले. अजूनही तू माहेरी आलीस की अण्णा पेपर घेऊन मागच्या खोलीत जातात. जतला तुझ्या घरी एकदाही आले नाहीत. आणि मी गेले की मला आंबा कापून देतात.

अकरा वाजत आले. अण्णांना दर रविवारचा फोन करायचाय. उठते.

पावणेबारा

सांगितलं.

आधी ते गोळ्यांचं बोलले, मग पाऊस ओढ देतोय म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, स्वेटर माझ्या अंगात होता. चिठ्ठी माझी होती."

कुठला स्वेटर, असं त्यांनी विचारलं नाही.

म्हणाले, "सिंधूला माहीत होतं?"

"तेव्हाच माहीत होतं, अण्णा."

मला वाटलं, आता मला बोलतील. ते म्हणाले, "जतची एसटी सकाळी किती वाजता असते गं?"

मला वॉटफर्डात बसून काय ठाऊक असणार! म्हटलं, दाजींना विचारून सांगते. तर म्हणाले, "नको. स्टँडवर जाऊन बघतो मी."

तुला विचारून करायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं, तर तू पुन्हा "मी" म्हणाली असतीस.

पत्र पोचायला आठवडा लागेल. अण्णा त्याच्या आधी आले तर त्यांच्या हातात पेपर देऊ नकोस. समोर बसव.

त्या दिवशी स्वेटर घातलेली,
तुझी
अरुणा