समाजसेवेला गेलो आणि खोली गेली

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे तो कागदावरच स्वीकारावा.) तुझी कंबर कशी आहे? माझी विचारपूस तू पत्रातून करतेस, बरं वाटतं. घरात ती पद्धत राहिलेली नाही.

निवृत्त माणसाने स्वयंसेवा करावी, त्याने मन प्रसन्न राहतं आणि समाजाचंही भलं होतं, असं सूनबाईंनी कुठेतरी वाचलं आणि जेवताना मला ऐकवलं. मुलगा मान डोलवत होता. (एरवी या दोघांचं टीव्हीच्या आवाजावरूनही एकमत होत नाही.) म्हणून मी रुग्णालयात जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी मला पिवळं जाकीट आणि चाकांची खुर्ची मिळाली. खुर्चीत बसलेल्या गृहस्थांना मी थेट एक्स-रेला नेलं, रांग मोडून पुढे घुसवलं, शर्टसुद्धा उतरवायला लावला. ते बायकोला भेटायला आले होते. बाकावर जागा नव्हती म्हणून खुर्चीत टेकले होते! मग बोलला का नाहीत, विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही इतक्या आपुलकीने ढकलत होतात!"

त्यानंतर चाकं काढून घेऊन मला एका घड्याळजीला वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसवलं. खुबा मोडलेला, खवट म्हातारा. म्हणाला, "बातम्या नकोत. भांडता येतं का?" मी तुझा भाऊ, मला हे विचारायचं! चहातल्या साखरेपासून देव आहे की नाही इथपर्यंत आम्ही रोज भांडू लागलो. (नर्स म्हणते, ते ऐकायच्या नादात शेजारचे पेशंट कडू औषधंही निमूट घेतात.) खोटं कशाला बोलू अक्का, ही गेल्यापासून मला तोंडावर "चूक!" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. घरी सगळे "हो बाबा" म्हणतात आणि दार ओढून घेतात. मला पुन्हा भूक लागू लागली.

परवा लवकर परतलो, तर माझ्या खोलीत मुलाचं ऑफिस थाटलेलं आणि माझा पलंग गॅलरीत. "तुम्ही आता घरी असता कुठे, बाबा?" सूनबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. समाजाचं भलं ते हेच असावं.

काल घड्याळजीला घरी सोडणार होते. भाचा न्यायला येणार म्हणून तो सकाळपासून केस विंचरून, बूट घालून पलंगावर बसला होता. भाचा आला नाही, फोनही उचलेना. संध्याकाळी मी म्हटलं, "उद्या येईल." तो चूक म्हणाला नाही. बूट मीच काढले.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी मागची खोली रिकामीच आहे ना? गॅलरीत माझा डोळा लागत नाही.

आणखी एक. त्या खोलीत दोन पलंग मावतात, मला चांगलं आठवतंय. तो काठी घेऊन चालतो, खातो बेताचं. भांडण आम्ही अंगणात करू.

हे शेवटचं. त्याला मी यातलं काही बोललेलो नाही. तुला जमणार नसेल तर मी तुला काही विचारलंच नव्हतं.